पांगाऱ्याचे करकोचे

हिवरवाडीच्या सुंदररावाला दोन नाद होते आणि घरच्यांच्या मते दोन्ही बिनकामाचे. एक लाकूड तासायचा आणि दुसरा फोटो काढायचा. नाद असावा माणसाला, त्यात काही पाप नाही. कुणाला तंबाखूचा असतो, कुणाला कोर्टकचेरीचा. पण घरची एवढी काळी जमीन पडलेली असताना धाकट्या मालकानं दिवसदिवस हरिबा सुताराच्या मांडवात तासायचा वाकस चालवत बसावं, हे गावाला काही पटत नव्हतं. थोरला भाऊ राधाकिशन चारचौघांत म्हणायचा, आमचा सुंदर लाकडं तासतो आणि पाखरांचे मुखडे काढतो, बाकी खायला घरात आहेच. लोक हसायचे. सुंदररावही हसायचा, पण ते हसू दातांपुरतंच.

फोटोची पेटी त्यानं नगरहून आणलेली. तिथल्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्यानं दुकान मोडलं तेव्हा तिपाई, काळं फडकं आणि फोटो ज्यांवर उतरतो त्या काचांसकट मिळाली. नगर इंग्रजांच्या अमलात, हिवरवाडी निजामाच्या. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. तिथल्या शिपायांना वाटलं, हे काही तोफेसारखं प्रकरण आहे. मग सुंदररावानं सगळ्यांना ओळीत बसवून त्यांचाच फोटो काढला, तेव्हा कुठं सुटका झाली. माणसांचे फोटो त्यानं काढले ते तेवढेच. पुढं त्याचा जीव जडला तो रानावर. बाभळीवरची सुगरणीची घरटी, ओढ्याकाठचा बगळा, पाणी पिणारं हरीण. धान्याच्या कणगीमागच्या अंधाऱ्या खोलीत तो काचा धूत बसायचा आणि वहिनी छबुबाई बाहेरून ओरडायची, की भावजी, मला बाजरी काढायची आहे, तुमचं बाळंतपण आवरा.

बायको केशरबाई मात्र कधी हसली नाही. तिला त्या काचा आवडायच्या. काच उजेडाला धरून ती म्हणायची, यात समदं उलटं दिसतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, पण पाखरू वळखू येतं.

केशरबाईला माहेर नव्हतं. ती लहान असताना प्लेगात आई, बाप, भाऊ सगळे एका पंधरवड्यात गेले. मामानं वाढवलं, लग्न लावून दिलं आणि तोही गेला. दिवाळी आली की गावातल्या साऱ्या सुना गाडीत बसून माहेरी जायच्या. केशर राहायची. लग्नाच्या पहिल्या भाऊबिजेला ती परसात तोंड लपवून रडत होती, तेव्हा सासूनं तिचा हात धरला आणि तिला गावाबाहेरच्या तळ्यावर नेलं. तळ्यात करकोचे उतरत होते. राखी अंगाचे, काळ्या मानेचे, कानामागं पांढरा तुरा असलेले. हे करकोचे दर साल दिवाळीच्या सुमाराला उत्तरेकडून यायचे आणि होळीला जायचे. हिवरवाडीत त्यांना कुणी करकोचे म्हणत नसे. लेकी म्हणत. लेकी माहेरपणाला आल्या, असं. त्या हरभऱ्यात शिरल्या तरी कुणी गोफण उचलत नसे. लेकीनं खाल्लेलं घटत नाही, असं म्हातारे सांगायचे. सासू म्हणाली, तुला माहेरी जाता येत नाही ना, तर माहेरच तुझ्याकडं येतंय असं समज. आणि तिनं भिजवलेल्या हरभऱ्यानं भरलेलं सूप केशरच्या हातात दिलं.

सासू वारली, पण तो रिवाज केशरनं सोडला नाही. लेकी आल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी सुपात भिजवलेला हरभरा, हळदकुंकू आणि खणाचा तुकडा घेऊन ती तळ्यावर जायची. हरभरा चिखलकाठाला पसरायची, कुंकू पाण्यात सोडायची, खण परत आणायची. ही त्यांची ओटी. मग बांधावर बसून बघत राहायची. बाकीच्या बायका माहेराहून लाडू-करंज्यांचे डबे घेऊन यायच्या आणि केशर तळ्याहून रिकामं सूप घेऊन यायची, पण चेहरा बघाल तर तिचा जास्त भरलेला.

अशा बायकोसाठी लेकींचा एक फोटो काढावा, असं सुंदररावाच्या मनात आलं. हेतू चांगलाच होता, कोण नाही म्हणतं? पण ती पेटी जुन्या जमान्यातली. पाखरू चार हातांवर आलं तर दिसणार, नाहीतर काचेवर नुसता ठिपका. सुंदरराव कडब्याची खोप करून चिखलात बसला. लेकी तळ्याच्या पार मधे. किती काचा वाया गेल्या त्याची गणती नाही. शेवटी त्याच्या दोन नादांची गाठ पडली. त्यानं ठरवलं, लाकडाचा करकोचा करायचा आणि खोपीजवळ उभा करायचा. आपल्यातलीच एक तिथं चरतेय म्हटल्यावर बाकीच्या येतील.

पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ. हरिबानं ओंडका दिला, लोहारानं पाय ओढून दिले. पण पहिला करकोचा झाला तो मान ताठ करून उभा, हवालदारासारखा. तळ्यात ठेवला तर लेकी आणखी लांब गेल्या. सुंदरराव वैतागून घरी आला. केशरनं ते लाकूड हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "मान वर कावून केली? भ्यालेली लेक मान वर करती. निवांत असली की खाली घालून चरती. मान खाली करा, म्हंजी बाकीच्यांना वाटंल, हितं भ्यायचं काय न्हाई."

एवढ्या वर्षांत बांधावर बसून तिनं हेच तर बघितलं होतं. सुंदररावानं दुसरा केला, मान खाली घातलेला. रंग केशरनंच दिला. चुलीची राख डिंकात कालवून अंग, आपल्या डबीतलं काजळ मानेला, सरकी काढलेल्या कापसाचा तुरा आणि डोळ्याला लाल गुंज. तासभर ती त्या मानेवर बोट फिरवत होती. झाल्यावर तिनं त्याला पाटावर ठेवलं आणि लांब जाऊन बघितलं. स्वतःशीच हसली.

लेकी आल्या. अगदी जवळ आल्या. त्यातली एक लाकडाच्या करकोच्याशेजारी उभी राहिली आणि मान खाली घालून चरू लागली. सुंदररावानं श्वास धरला आणि फोटो घेतला. तो फोटो असा काही उतरला की बघणारा चकित व्हायचा. दोन्ही पाखरांच्या माना एकाच वळणाच्या, पाण्यात दोन्हींच्या सावल्या. त्याला सुंदररावानं सागवानाची चौकट केली, चौकटीवर हरभऱ्याचा वेल कोरला आणि ती केशरच्या खोलीत लावली. त्या दोघांच्या संसारातले सगळ्यात सुखाचे दिवस ते, असं म्हणायला हरकत नाही. तिथंच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण सुंदररावाच्या मनात एक काटा होता. घरात काही कमी नव्हतं, पण हातात काही नव्हतं. बायकोला साधं लुगडं घ्यायचं तरी दादापुढं उभं राहायचं. दादा द्यायचा, नाही म्हणायचा नाही, पण देताना चार माणसं बसलेली असायची. सुंदररावाला वाटायचं, या दोन नादांतून चार पैसे सुटले तर एकदा आपल्या कमाईची वस्तू केशरच्या अंगावर घालीन आणि दादाच्या देखत घालीन. एवढीच त्याची हौस. माणूस कधी मोठ्या लोभानं घसरत नाही, असल्या बारक्या हौशीनंच घसरतो.

त्यानं फोटोंना चौकटी केल्या आणि धर्मापुरीच्या देवळापाशी शिवरात्रीच्या जत्रेत मांडून बसला. गिऱ्हाइकं आली. चौकटी वाखाणल्या. एकजण म्हणाला, चौकट लई नामी हाय, तेवढं पाखरू काढून घ्या, मला शंकर-पार्वतीचं चित्र बसवायचं हाय. दुसरा म्हणाला, पाखरं तर फुकट दिसतात, त्याला पैसे कोण देईल? संध्याकाळपर्यंत सुंदररावानं चौकटी विकल्या आणि पाखरं गठुड्यात बांधली. करकोच्यांची चौकट तेवढी विकायची नव्हती. ती त्यानं नमुना म्हणून शेजारी टेकवून ठेवली होती.

ती बंकटरावांच्या नजरेला पडली. बंकटराव म्हणजे शेजारच्या एका जागिरीचे कारभारी. पान खाऊन खाऊन ओठ लाल, बोलणं गोड, अर्धं मराठीत आणि अर्धं दख्खनीत. ते बराच वेळ फोटो बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, यातलं जिवंत कोणतं? सुंदररावानं छाती फुगवून बोट ठेवलं. वाहवा, वाहवा, करत बंकटरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, आमच्या जागीरदार साहेबांना असल्या चिजांचा लई शौक. दिवाणखान्यात ठेवायला असा एक थवाच करून द्या. दाम तुम्ही म्हणाल तो, निजामाच्या हाली सिक्क्यात रोख. आणि उठताना एक गोष्ट सहज सांगून गेले. खाली फळीची बैठक नको, म्हणाले. पायाखाली लोखंडी अणकुचीदार सळई ठेवा, जमिनीत रोवता येईल अशी. आणि मान, ती अशीच खाली हवी.

उन्हाळाभर हरिबाच्या मांडवात पांगाऱ्याचा भुसा उडत होता. घरात एकेक करकोचा तयार होऊन भिंतीशी उभा राहत होता. केशरनं नेहमीसारखं काजळ घोटलं, कापूस पिंजला, गुंजा वेचून आणल्या. एक दिवस रंग देता देता तिचं बोट त्या सळईला लागलं. तिनं ती निरखून बघितली आणि विचारलं, "आवं, दिवाणखान्यात चिखल असतो का?"

सुंदररावाचा हात थांबला. त्याला कळलं नव्हतं असं कुणी म्हणू नका. ज्या दिवशी बंकटरावांनी सळई सांगितली त्याच दिवशी त्याला कळलं होतं. रोवायची वस्तू गालिच्यात रोवत नाहीत, एवढं शेंबड्या पोरालाही समजतं. पण कळणं आणि कबूल करणं यांत फार अंतर असतं. तो म्हणाला, मोठ्या लोकांचा शौक, बागेत उभे करतील, हौदापाशी ठेवतील, आपल्याला काय करायचंय. केशरनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. नवरा खोटं बोलेल असं तिच्या मनात आलं नाही. तिनं पुन्हा बोट काजळात बुडवलं आणि मान रंगवायला घेतली.

माल गेला, रोकड आली. सुंदरराव केजच्या बाजाराला गेला आणि सराफाकडून मोत्यांची नथ घेऊन आला. दादा, वहिनी, गडीमाणसं, सगळ्यांच्या देखत त्यानं ती केशरच्या हातात ठेवली आणि म्हणाला, ही माझ्या कमाईची. राधाकिशन त्या नथीकडं बघत राहिला. छबुबाईनं नथ निरखली आणि मोती पाणीदार आहेत अशी कबुली दिली. केशर लाजली. म्हणाली, लेकींच्या ओटीला घालून जाईन.

दिवाळी झाली. एका संध्याकाळी आभाळात ओळखीचा आवाज आला आणि लेकी तळ्यावर उतरल्या. दुसऱ्या दिवशी उजाडता केशरनं नथ घातली, सूप भरलं आणि ती निघाली. ती बांधाच्या अलीकडं असतानाच बार ऐकू आले. आधी दोन, मग कडकड कडकड, फुटाणे भाजल्यासारखे. ती पळत बांधावर चढली.

चिखलात लाकडाचा थवा रोवलेला होता. साऱ्यांच्या माना खाली. तिनं रंगवलेल्या माना. मागं कडब्याच्या खोपी, अगदी सुंदरराव करायचा तशाच, आणि खोपींत बंदुका घेऊन बसलेले जागीरदाराचे पाहुणे. बार झाला की उडालेल्या लेकी घिरट्या घालायच्या, घाबरून लांब जायच्या आणि खाली बघायच्या. खाली आपल्यातल्याच इतक्या जणी निवांत चरतायत. मग पुन्हा उतरायच्या. पुन्हा बार. केशर ओरडली, हात हलवले, सूप हलवलं. लेकींनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांनी लाकडांवर विश्वास ठेवला.

दुपारी बंकटराव वाड्यावर आले, तेव्हा ओसरीवर राधाकिशन आणि गावची मंडळी तोंडं पाडून बसली होती. बंकटरावांना त्याचं काय? त्यांनी सगळ्यांसमोर सुंदररावाच्या कारागिरीची तारीफ केली, असा हुन्नर सगळ्या जिल्ह्यात नाही म्हणाले, आणि साहेबांकडून बक्षीस म्हणून मारलेल्या करकोच्यांची एक जोडी उंबऱ्यावर ठेवली. पाय सुतळीनं बांधलेले होते. राधाकिशननं धाकट्या भावाकडं बघितलं आणि उठून आत गेला. एरवी टोचून बोलणारा माणूस, त्या दिवशी त्यानं टोचलं नाही, आणि सुंदररावाला तेच जास्त लागलं.

केशर बाहेर आली. तिनं सुतळी सोडली. सुपातला खण अजून तसाच होता. बाई मेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, ही आपली रीत. तिनं त्या दोघींना खणात गुंडाळलं, तळ्यावर नेलं आणि पाण्यात सोडलं. सुंदरराव मागं मागं गेला.  घरी आल्यावर तिनं नथ काढून फडताळात ठेवली. नवऱ्याला एक शब्दही वाकडा बोलली नाही. ताट वाढायची, विचारलं तर उत्तर द्यायची. फक्त काचा उजेडाला धरून बघायची सोडली.

बंकटरावांनी ती लाकडं गाडीत घालून त्या हिवाळ्यात तळ्यातळ्यावर फिरवली, आणि जिथं ती रोवली तिथं बार झाले. पुढच्या पावसाळ्यात जागीरदार साहेबांचं मन वाघाकडं वळलं. शौकीन माणसाचं मन, त्याला काय धरबंध? बंदुका हिवरवाडीला पुन्हा आल्या नाहीत. पण त्या दिवसानंतर लेकीही उडून गेल्या होत्या त्या होळीपर्यंत परतल्या नव्हत्या. आता यंदा येतील का, हा एकच घोर केशरला लागला होता. नवरात्रापासूनच ती आभाळाकडं बघायची. धुणं वाळत घालताना, दळण घेऊन येताना, मान वर.

सुंदररावाला ते बघवत नव्हतं. त्यानं मनाशी ठरवलं, काही झालं तरी लेकी तळ्यावर उतरवायच्या. तिच्यासाठी उतरवायच्या. एवढं झालं की ती पुन्हा पहिल्यासारखी बोलेल. आणि त्याला दुसरं काही येत होतं का? त्याच्या हाताला एकच गोष्ट ठाऊक होती. त्यानं पांगारा आणला आणि हरिबाच्या मांडवात दार लावून बसला. असे करकोचे त्यानं आयुष्यात केले नव्हते. पिसन् पीस कोरलं. काजळ बायकोकडं मागायची छाती झाली नाही, म्हणून स्वतः दिव्यावर धरलं. दिवाळी सरल्यावर एका पहाटे, कुणाला न सांगता, ते सगळे नेऊन तळ्याच्या काठाला रोवले. माना खाली. इथं भ्यायचं काही नाही, असं सांगणाऱ्या.

आणि त्या दिवशी उन्हं वर आल्यावर लेकी आल्या. गावानं आवाज ऐकला, बायका अंगणात आल्या. केशरनं हरभरा रोजच भिजवून ठेवलेला असायचा. सूप घेऊन ती धावतच निघाली, चप्पलसुद्धा घातली नाही. सुंदरराव आधीच बांधावर उभा होता. तिला बघून तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसला बिचारा.

लेकी खाली येत होत्या. पाय सोडलेले, पंख आवरते घेतलेले, आता टेकणार. पुढची एक लाकडांच्या पार डोक्यावर आली आणि तिनं खाली बघितलं. मग ती ओरडली. तो आवाज नेहमीचा नव्हता. सगळा थवा तिथल्या तिथं उलटला, वर चढला, तळ्यावरून एक घिरटी घातली आणि दक्षिणेकडं निघाला. ठिपके झाले, मग तेही दिसेनात.

केशर बांधावरून खाली उतरली. चिखलात गेली. एका करकोच्याच्या मानेवर तिनं हात ठेवला, बोटाला काजळ लागलं ते बघितलं. तिनं ते लुगड्याला पुसलं.

"त्या उतरत व्हत्या," ती म्हणाली. "झालं गेलं इसरून उतरत व्हत्या. नुसतं पानी ठिवलं असतं तरी उतरल्या असत्या."

सुंदरराव म्हणाला, "मी तुझ्यासाठीच..."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "ती नथबी माझ्यासाठीच व्हती."

मग तिनं सूप त्याच्या हातात दिलं. भिजवलेला हरभरा आहे, वाया जाईल, घरी घेऊन चला म्हणाली. आणि पुढं चालू लागली. त्याच्यासाठी थांबली नाही.

सुंदररावानं त्या दिवसापासून वाकस हातात धरला नाही आणि पेटीवरचं काळं फडकं काढलं नाही. लेकी पुढंही दर साल हिवरवाडीवरून गेल्या, उंचावरून. तळं मोकळं होतं, चिखलात एकही लाकूड उरलं नव्हतं, पण त्यांना ते आता पटत नव्हतं. केशरनं मान वर करून बघायचं सोडून दिलं.

लेकी न टेकता गेल्या त्या दुपारी घरात त्याच हरभऱ्याची उसळ झाली. राधाकिशननं दोनदा मागून घेतली आणि छबुबाईला म्हणाला, आज केशरच्या हाताला चव हाय. सुंदररावाच्या ताटातही तिनं वाढली. तो खाली मान घालून जेवत राहिला.